ओळखीच्या बँकेत आकडे काय सांगतात

५ फेब्रुवारी १८८९ रोजी बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी 'अन्योन्य सहकारी मंडळी' सुरू केली. सहकारी पतपुरवठ्याचा भारतातला हा पहिला प्रयोग मानला जातो. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला तेव्हा पंधरा वर्षं अवकाश होता. तो आला १९०४ साली. कायदा नाही, तपासनीस नाही, मग पैसे द्यायचे कशाच्या भरवशावर? ओळखीच्या. कर्ज मागणारा कुठल्या वाड्यात राहतो, कुठे नोकरीला आहे, मागचं देणं त्याने कसं फेडलं, हे अशा मंडळीत कुणा ना कुणाला ठाऊक असायचंच.

मंडळीची पुढे बँक झाली, तिने शंभरी पार केली आणि अखेर रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. ती का बुडाली हा आजचा विषय नाही. पण ओळखीवर चालणाऱ्या बँकेला आकड्यांची तपासणी का लागते, हे बडोद्याच्या माणसाला फार पटवावं लागत नाही. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत कुठल्या ना कुठल्या नागरी सहकारी बँकेचं शेअर सर्टिफिकेट कपाटात असतंच.

माझं म्हणणं असं की, ओळखीच्या बँकेला परका माणूस सहसा फसवू शकत नाही, ओळखीचा मात्र आरामात फसवतो. मॅनेजर चांगला असो, संचालक सज्जन असोत. 'अहो, त्यांचं घराणं आपल्याला माहीत आहे' असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न विचारणं उद्धटपणाचं वाटतं. संगणकाला तो संकोच नसतो. भिडेपोटी जे पाहायचं राहून जातं, ते नोंदींमधून बाहेर काढणं हे डेटा ॲनालिटिक्सचं छोट्या बँकेतलं खरं काम.

ॲनालिटिक्स म्हणजे तरी काय, तर बँकेच्या संगणकात रोज साठणाऱ्या नोंदींना नेमके प्रश्न विचारणं. कुणाचा हप्ता थकला, कुणाच्या खात्यात एकाएकी रोकड वाढली, कुठल्या दोन कर्जदारांचा मोबाइल नंबर एकच आहे. आणि कंप्लायन्स म्हणजे नियम पाळणं, शिवाय ते पाळले हे कागदोपत्री दाखवता येणं. हा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. इन्स्पेक्शनला आलेला अधिकारी तुमच्या मनातला चांगुलपणा तपासत नाही, तारीख-सहीचा कागद मागतो.

नियम कुणाचे, कुणाला किती

सहकारी बँकेची नोंदणी, निवडणुका, सभासदत्व वगैरे सहकार निबंधकांकडे. बहुराज्य बँक असेल तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे. बँकिंगचा भाग रिझर्व्ह बँकेकडे. या दुहेरी कारभारात जबाबदारी मधल्यामध्ये पडून राहायची. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं कर्जं लपवल्याचं प्रकरण झालं आणि पाठोपाठ २०२० मध्ये बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन रिझर्व्ह बँकेचे हात बळकट झाले.

त्यानंतर नागरी सहकारी बँकांचे चार स्तर ठरले. १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँका पहिल्या स्तरात. एकच शाखा असलेल्या आणि पगारदारांच्या बँका ठेवी कितीही असल्या तरी याच स्तरात. १०० ते १,००० कोटी दुसरा, १,००० ते १०,००० कोटी तिसरा, त्यावर चौथा. दर १०० रुपयांच्या जोखमीमागे पहिल्या स्तरातल्या बँकेचं स्वतःचं भांडवल किमान ९ रुपये हवं, बाकीच्यांचं १२. त्या १२ पर्यंत टप्प्याटप्प्याने पोहोचायला ३१ मार्च २०२६ ही मुदत दिली गेली. १ एप्रिल २०२५ पासून दुसऱ्या ते चौथ्या स्तरासाठी 'त्वरित सुधारणा कारवाई'ची चौकट लागू झाली आहे: भांडवल घटलं, निव्वळ एनपीए (थकलेली, अनुत्पादक कर्जं, त्यांच्यासाठी काढलेली तरतूद वजा करून) ६ टक्क्यांवर गेला किंवा लागोपाठ दोन वर्षं तोटा झाला, की रिझर्व्ह बँक निर्बंध घालायला सुरुवात करते.

म्हणजे बँकेचं भवितव्य दोन-तीन आकड्यांवर ठरतं. साहजिकच ते आकडे बरे दिसावेत असा मोह होतो. सगळा खेळ तिथून सुरू होतो.

नव्वद दिवस

कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की ते कर्ज अनुत्पादक, म्हणजे एनपीए. हे आता बहुतेकांना माहीत असतं. दिवस कसे मोजायचे यावर मात्र वर्षानुवर्षं वाद चालायचे, म्हणून रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये उदाहरण देऊनच स्पष्ट केलं. हप्त्याची तारीख ३१ मार्च असेल आणि त्या दिवशीचं 'डे-एंड', म्हणजे दिवसअखेरचा हिशेब बंद, होईपर्यंत पूर्ण पैसे आले नाहीत, तर कर्ज त्याच दिवशी थकलं. ३० एप्रिलच्या डे-एंडला ते एसएमए-१ मध्ये (एसएमए म्हणजे 'स्पेशल मेन्शन अकाउंट', एनपीएच्या आधीच्या धोक्याच्या पायऱ्या) जातं, ३० मे रोजी एसएमए-२ मध्ये, आणि २९ जूनला एनपीए. 'महिनाअखेरीस बघू' याला जागाच नाही.

याच परिपत्रकात आणखी एक गोष्ट आहे, जी शाखेत सगळ्यांत जास्त कुरकुर निर्माण करते. पूर्वी एनपीए झालेल्या कर्जदाराने एखादा हप्ता भरला की खातं पुन्हा 'स्टँडर्ड', म्हणजे नियमित, दाखवायची सोय लोक करून घ्यायचे. आता मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरल्याशिवाय ते चालत नाही. शिवाय एनपीए हा कर्जदार असतो, एकटं कर्ज नव्हे. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत शेड असलेल्या उद्योजकाचं मशीनचं कर्ज एनपीए झालं आणि गाडीचं कर्ज वेळेवर चालू असलं, तरी दोन्ही एनपीए.

एनपीए झाला की बँकेला दुहेरी फटका बसतो. त्यावरचं व्याज प्रत्यक्ष हातात येईपर्यंत उत्पन्नात धरता येत नाही, आणि नफ्यातून तरतूद बाजूला काढावी लागते. पहिल्या वर्षी १० टक्के, पुढे तारण आणि मुदतीनुसार वाढत वाढत १०० टक्क्यांपर्यंत. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काही शाखांमध्ये चमत्कार होतात. तीन महिने न फिरकलेला कर्जदार अचानक पूर्ण थकबाकी भरतो. पैसे आले कुठून? त्याच्या मेहुण्याच्या नावाने त्याच शाखेतून चार दिवसांपूर्वी नवं कर्ज उचललं गेलं होतं. जुनं देणं फिटलं, नवं उभं राहिलं, बँकेच्या तिजोरीत एक रुपयाही आला नाही. याला एव्हरग्रीनिंग म्हणतात.

हाताने तपासणाऱ्याला हे सापडणं अवघड असतं, कारण दोन्ही फायली वेगवेगळ्या कपाटांत आणि दोन्ही नीट. संगणकाला मात्र हा प्रश्न चार ओळींत विचारता येतो: १५ ते ३१ मार्च या काळात ६० दिवसांहून अधिक थकलेल्या खात्यांत जमा झालेल्या रकमा काढा, त्यातल्या किती याच बँकेतल्या दुसऱ्या खात्यातून आल्या ते पाहा, आणि त्या दुसऱ्या खात्यात आधीच्या पंधरा दिवसांत नवं कर्ज पडलं होतं का ते पाहा. निघालेली प्रत्येक नोंद गुन्हाच असेल असं नाही. भावाने भावाला खरोखर मदत केलेली असू शकते. पण यादी दहा-बारा खात्यांची निघते आणि ऑडिटरला नेमकं कुठे बोट ठेवायचं हे कळतं.

मोठ्या नागरी बँकांना थकलेल्या कर्जांचं हे एसएमए-एनपीए वर्गीकरण माणसाच्या हातात ठेवायची मुभाच उरलेली नाही. २,००० कोटींहून अधिक मालमत्ता असलेल्यांना ते ३० जून २०२१ पासून संगणकानेच आपोआप करायचं आहे. १,००० कोटींच्या वरच्या काहींना त्याच वर्षीच्या ३० सप्टेंबरपासून. त्याखालच्या बँकांवर सक्ती नव्हती, पण माझ्या मते खरी गरज त्यांनाच जास्त आहे. तिथे थकबाकीची यादी एखाद-दोन माणसंच बनवतात, आणि त्यांच्यावर भिडेचा दाबही सगळ्यांत जास्त असतो.

कॅश क्रेडिटच्या, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तशी रक्कम उचलायच्या, खात्यात हप्ता नसतो, त्यामुळे तिथली नजर वेगळी. व्यापारी दरमहा मालाचं स्टॉक स्टेटमेंट देतो आणि त्यावरून किती रक्कम उचलता येईल हे ठरतं. काही जण मागच्या महिन्याच्या कागदावर फक्त तारीख बदलतात. त्यामुळे तीन महिन्यांचे आकडे शेजारी ठेवले, जीएसटी विवरणातली विक्री त्यापुढे मांडली आणि खात्यातली उलाढाल तिसऱ्या रकान्यात घातली, की बरंच काही बोलायला लागतं. विक्री घटतेय, माल वाढतोय आणि खात्यातली जमा कमी होतेय, अशा दुकानात जाऊन माल डोळ्यांनी पाहून यावं.

एक माणूस, चार नावं

आता सगळ्यांत कंटाळवाणा आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग: ग्राहकांची मूळ नोंद.

बडोद्यात ही अडचण आणखी रंगतदार आहे. मराठी रिवाजात आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. गुजराती रिवाजात आडनाव आधी. एका शाखेतल्या क्लार्कने नावापुढे 'भाई' जोडलं, दुसरीकडे 'राव'. इंग्रजी अक्षरांत लिहिताना पवारांचा 'व' कुणी व्ही लिहितं, कुणी डब्ल्यू. परिणाम असा की एकाच माणसाचे तीन-चार ग्राहक क्रमांक होतात, आणि संगणकाला ती वेगवेगळी माणसं वाटतात. मग वर सांगितलेला 'एक कर्ज एनपीए तर सगळी एनपीए' हा नियम पाळणार कसा?

मर्यादांचंही तेच. नागरी सहकारी बँकेने एका कर्जदाराला आपल्या मूळ भांडवलाच्या १५ टक्क्यांपर्यंत आणि एकमेकांशी जोडलेल्या गटाला २५ टक्क्यांपर्यंतच कर्ज द्यावं, असा नियम आहे. समजा बँकेचं मूळ भांडवल २० कोटी आहे. म्हणजे एकाला ३ कोटी, गटाला ५ कोटी. वडिलांना २ कोटी, मुलाला २ कोटी आणि सुनेच्या नावाच्या फर्मला दीड कोटी दिले, तर प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे निर्दोष. बेरीज साडेपाच कोटी, म्हणजे मर्यादा मोडली. शाखेतल्या प्रत्येकाला हे एकच घर आहे हे ठाऊक असतं, फक्त कुठल्याही नोंदीत ते लिहिलेलं नसतं.

ते लिहून काढायचे मार्ग साधे आहेत. पॅन हा मुख्य दुवा. त्याखेरीज एकच मोबाइल, एकच पत्ता, एकच जामीनदार, फर्ममधले समान भागीदार, आणि एकमेकांना जामीन राहिलेले कर्जदार. या शेवटच्यावर विशेष लक्ष द्या. अ हा ब ला जामीन, ब हा क ला, आणि क पुन्हा अ ला, असं वर्तुळ निघालं तर कागदावर तीन जामीन दिसतात, प्रत्यक्षात एकही नसतो. जामिनांचं असं जाळं एकदा चित्र काढून पाहिलं की संचालक मंडळाच्या बैठकीत शांतता पसरते. संचालकांच्या नातेवाइकांची यादीही याच कामाला लागते, कारण काही किरकोळ अपवाद सोडले तर संचालकांना आणि त्यांच्या नातलगांना कर्ज द्यायला नागरी सहकारी बँकांना २००३ पासूनच बंदी आहे.

पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या प्रकरणात हेच फार मोठ्या प्रमाणावर झाल्याचं तपासातून समोर आलं. एकाच बांधकाम समूहाची कर्जं लपवायला २१ हजारांहून अधिक बनावट खात्यांची यादी तपासनिसांपुढे ठेवली गेली, असा आरोप आहे, आणि ही खाती बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीत, म्हणजे सगळे हिशेब ठेवणाऱ्या मध्यवर्ती संगणकात, नव्हतीच. वरवर पाहता हा प्रचंड हुशारीचा गुन्हा वाटतो. पण यादीतली खाती आणि प्रणालीतली खाती यांची नुसती ताळ्याला ताळा जुळवणी केली असती तरी फरक दिसला असता. त्याला कुठलंही भारी सॉफ्टवेअर लागत नाही.

नवरात्रीची रोकड

काळा पैसा रोखण्यासाठीच्या कायद्याखाली बँकेला दोन प्रमुख अहवाल केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे पाठवावे लागतात. महिन्याभरात १० लाखांच्या वर गेलेल्या रोख व्यवहारांचा अहवाल पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. तो यांत्रिक आहे, संगणक काढून देतो. दुसरा संशयास्पद व्यवहारांचा. त्याला रकमेची अटच नाही. तिथे डोकं लागतं.

साध्या युक्त्या नेहमीच्याच आहेत. एका दिवसात ५० हजारांपेक्षा जास्त रोख भरली तर पॅन द्यावा लागतो, म्हणून रोज ४९ हजार भरणारा. किंवा महिनोन्‌महिने झोपलेलं खातं, ज्यात अचानक पंधरा ठिकाणांहून पैसे येतात आणि तासाभरात बाहेर जातात. हे दुसरं म्हणजे भाड्याने दिलेलं खातं. सायबर चोरांना अशी खाती हवी असतात आणि कॉलेजच्या पोरांना दोन-चार हजारांच्या आमिषाने ती मिळतात. ती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' नावाची प्रणाली बनवली आहे.

खरी पंचाईत खोट्या इशाऱ्यांची. बाहेरून विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये नियम असतो: मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीच्या तिप्पट रोकड आली की घंटा वाजव. बडोद्यात नवरात्र आली की मंगळ बाजारातल्या चनिया-चोळीवाल्यांच्या खात्यांवर घंटाच घंटा. शंभर इशारे आले की कारकून डोळे मिटून 'व्यवहार योग्य' लिहीत सुटतो, आणि त्या शंभरात बसलेला एक खरा इशारा निसटतो.

उपाय म्हणून कुणी सांगतं की मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा. तेही इथे फसतं. नवरात्र २०२३ मध्ये १५ ऑक्टोबरला बसली, २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. इंग्रजी महिन्यांनी तुलना केली तर २०२५ च्या सप्टेंबरात सगळे व्यापारी संशयित दिसतात आणि ऑक्टोबरात सगळ्यांचा धंदा बसलेला. प्रणालीला तिथी शिकवावी लागते. उत्तरायणाचं बरं आहे, १४ जानेवारी हलत नाही. पतंग-मांजावाल्यांची रोकड त्याच्या आधीच्या आठवड्यांत येणार हे ठरलेलं. आणि प्रत्येक व्यापाऱ्याची तुलना त्याच्याच धंद्यातल्या इतरांशी करावी. सगळ्या चनिया-चोळीवाल्यांची रोकड दुप्पट झाली आणि एकाची नऊपट, तर त्या एकाकडे बघायचं. सणासुदीत ज्याची रोकड काहीच वाढली नाही, पण मे महिन्यात वाढली, तोही बघण्यासारखा.

इथे मॅनेजरची ओळख सोन्यासारखी उपयोगी पडते. 'यांच्या मुलीचं लग्न होतं, दागिने मोडले' हे संगणकाला कळणार नाही. फक्त ते कारण तारखेसह लिहून ठेवायचं आणि जमल्यास पावतीची प्रत लावायची. दुसरं पथ्य: संशयाचा अहवाल पाठवला हे ग्राहकाला कदापि सांगायचं नाही. कायद्याने ते मना आहे. ओट्यावर बसून गप्पा मारणाऱ्या आपल्या शहरात हा नियम पाळणं सगळ्यांत कठीण, हे मात्र मान्य.

सायबरबद्दल एकच उदाहरण पुरे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी एटीएमवरच्या मागण्या बँकेपर्यंत नेणाऱ्या 'स्विच'च्या जागी बनावट व्यवस्था उभी केली आणि क्लोन कार्डांवरच्या मागण्या कोअर बँकिंगपर्यंत पोहोचूच न देता मंजूर केल्या. इकडेही तोच धडा: दोन ठिकाणच्या नोंदी सतत जुळवत राहा, वर्षअखेरीची वाट पाहू नका.

काम कोण करणार

तीन शाखांच्या बँकेने पाच संगणकतज्ज्ञ ठेवावेत ही अपेक्षा हास्यास्पद आहे. म्हणून बाहेरची मदत घेतली जाते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच राहते; 'व्हेंडरने कळवलं नाही' हे उत्तर रिझर्व्ह बँक ऐकून घेत नाही. नागरी बँकांसाठी एनयूसीएफडीसी ही शिखर संस्था मार्च २०२४ मध्ये सुरू झाली; छोट्या बँकांना तंत्रज्ञान आणि सल्ला एकत्र, परवडेल अशा दरात मिळावा हा तिचा एक हेतू आहे.

सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याला रंगीत डॅशबोर्ड दाखवू द्या, पण मग विचारा: आमच्या नावांचे घोळ तू कसे सोडवणार? इशारा का वाजला हे आमच्या कारकुनाला समजेल अशा भाषेत सांगणार का? करार संपला तर आमच्या नोंदी कुठल्या स्वरूपात परत देणार? आणि ग्राहकांची यादी ई-मेलवर पाठवा म्हणाला तर चहा पाजून निरोप द्या. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तो निष्काळजीपणा महागात पडू शकतो. माझा सल्ला विचाराल तर पहिलं वर्ष नवीन काही विकत न घेता पॅन, मोबाइल, पत्ते आणि जामीनदार यांच्या नोंदी स्वच्छ करण्यात घालवावं. त्याचं उद्घाटन करता येत नाही, फोटो छापून येत नाही, म्हणून ते मागे पडतं.

सभासद किंवा ठेवीदार म्हणून तुम्हाला बँकेच्या संगणकात डोकावता येत नाही. ठेवीवरचं विमा संरक्षण, मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. २०२० पर्यंत ते १ लाखच होतं. त्याहून जास्त ठेवलं असेल तर वार्षिक अहवाल मिठाईच्या पाकिटासोबत घरी आणून तसाच रद्दीत टाकू नका. मागच्या बाजूला हिशेबावरच्या टिपा असतात. त्यात भांडवलाचं प्रमाण आणि निव्वळ एनपीए पाहा, मग सगळ्यांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती टक्के भाग आहे ते शोधा. आणि 'डायव्हर्जन्स' नावाची टीप असेल तर ती दोनदा वाचा: बँकेने दाखवलेला एनपीए आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत निघालेला एनपीए यांतला फरक तिथे छापलेला असतो. सर्वसाधारण सभेत त्यावर प्रश्न विचारायचा असेल तर आधी लेखी द्या. आयत्या वेळी उठून विचारलेल्या प्रश्नाला बहुतेकदा 'नंतर ऑफिसात या' हेच उत्तर मिळतं.